यात्रेचा तमाशा फुकट देणाऱ्या भाऊंस अनावृत पत्र

माननीय सौजन्यमूर्ती भाऊ,



यंदा आमच्या यात्रेतल्या तमाशाचा खर्च आपण एकट्याने उचललात आणि वेशीवर 'भव्य मोफत लोकनाट्य, भाऊंच्या सौजन्याने' असा फलक लावलात, त्याबद्दल आभार. दसऱ्यानंतर फड कनाती लावून हिंडतात तेव्हा तिकीट असतं. चैत्रातल्या यात्रेचा तमाशा मात्र उघड्या मैदानावर. येईल त्याने बसावं. म्हणजे तो पूर्वीही मोफतच होता. फक्त कुणाच्या सौजन्याने, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पूर्वीची तऱ्हा फार जिकिरीची होती. पाडव्याच्या सुमाराला कमिटीची माणसं नारायणगावला जायची. तिथे फडांच्या राहुट्या लागलेल्या. सोंगाड्या कोण, ढोलकीला कोण, वग कोणता, हे खोदून विचारायचं, चहावर चहा पीत घासाघीस करायची, सुपारी ठरली की इसार द्यायचा आणि गावी येऊन घरटी वर्गणी काढायची. त्या वहीत सगळं गाव असे. कुणापुढे रोख रक्कम, कुणापुढे 'कांद्याची पट्टी आल्यावर' असा शेरा, कुणापुढे नुसती फुली. आणि एवढ्यावर, पन्नास रुपये दिलेला गडीसुद्धा भर वगात उठून सोंगाड्याला दरडावायचा, "ओ, आवाज येईना मागं!" फुकट बघणाऱ्याला एवढा माज? पण तो फुकट बघत नव्हता, हीच तर अडचण होती. ती आपण मुळातूनच मिटवलीत. यंदा मागे कुणाला काही ऐकू आलं नाही, आणि एकानेही तोंड उघडलं नाही.

आपण सव्वानऊला आलात. तोवर छबिना होऊन गेला होता, शोभेची दारू उडाली होती, गणही झाला होता. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्या होत्या. वाटेत त्यांना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, मावशी मध्ये पडते, असा आजवरचा रिवाज. यंदा त्यांना आपल्या सत्काराने अडवलं. लुगड्याचा पदर खोचलेली मावशी पुसट मिशांखालच्या ओठांवर बोट ठेवून शाली मोजत उभी होती. आधी आपला सत्कार, मग आपला सत्कार करणाऱ्यांचा, मग ज्यांची नावं राहून गेली म्हणून रुसवा झाला त्यांचा. हलगीवाल्याने शेकोटीवर तापवून आणलेली हलगी गार पडली. तो पुन्हा तापवायला गेला, परत आला, तर आपण भाषणाला उभे होतात.

भाषण फार अभ्यासपूर्ण झालं. संगमनेर ही शाहीर अनंत फंदींची भूमी, हे बरोबर सांगितलंत. ज्यांचं नाव 2024 साली आपल्या जिल्ह्याला लागलं त्या अहिल्यादेवी जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या, हेही बरोबर. अहिल्यादेवींनी फंदींची कानउघाडणी केली, मग त्यांनी तमाशा टाकून कीर्तन धरलं, अशी आख्यायिका आहे. आपण ती कलेला मिळालेल्या राजाश्रयाचं उदाहरण म्हणून सांगितलीत. काही शहाणे हसले. मला मात्र पटलं. आपणही आश्रयच दिलात, आणि तमाशा बंदच पडला.

तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांचा उल्लेख 'साताऱ्याहून इथवर येणाऱ्या' असा केलात. त्या संगमनेरलाच राहायच्या, भाऊ. 2021 मध्ये गेल्या. जिरेटोप घालून ही बाई शिवाजी महाराज उभे करायची. असो. नावात सातारा आहे, तर आपल्याला तरी काय दोष द्यावा?

आपण नऊ अठ्ठावन्नला थांबलात आणि कायद्याचा मान राखलात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, असा 2000 सालचा नियम. वर्षातल्या काही दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, पण ती सरकारने द्यावी लागते, आणि आपल्या यात्रेचा दिवस त्यांत नव्हता. पोलीस साहेबांनी घड्याळ दाखवलं. वगाचे पोशाख पेटीतून बाहेरही निघाले नाहीत. ट्रकभर सामान आणि एवढी माणसं घेऊन आलेला फडमालक आपल्यालाच नमस्कार करून बिचारा राहुटीत गेला. सकाळी देवळापुढे हजेरी झाली, ती मात्र मनासारखी रंगली. आपण तेव्हा झोपला होतात. मग कुस्त्यांचा हगामा झाला. तिथेही आपला फलक होता, पण पैलवानांना वाचायला सवड नव्हती.

आता एक कळवायचं राहिलं. कमिटीतल्या काही हट्टी माणसांनी जुनी वही बाहेर काढली आहे. पुढच्या साली सुपारी गावच देणार, म्हणतात. आपलं घर आमच्या शिवारात येतं, तेव्हा यादीत आपलंही नाव घातलं आहे. घरटी जो आकडा ठरेल तेवढाच आपल्याकडून घेतला जाईल, एक रुपया जास्त नाही. पोरगं पावतीपुस्तक घेऊन येईल, त्याला थांबवून ठेवू नये. कांद्याची पट्टी यायची असली तर तसा शेरा मारून घेऊ.

खुर्च्या नसतील. येताना बसायला पोतं आणावं, आणि मागे आवाज आला नाही तर आपणही खुशाल ओरडावं.

आपला,
वर्गणीदार