ढीग न फोडता भाव

हळदीच्या बीटात व्यापारी किती सावध असतो, हे जवळा बाजारात कुणाला सांगायला नको. ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातली कांडी वर काढतो, कट्‌कन मोडून आवाज ऐकतो, आतला रंग उन्हाकडे धरून बघतो. गट्टू वेगळा, कांडी वेगळी. शेजारचा ढीग किडका निघाला म्हणून ह्या ढिगाचा भाव कुणी पाडत नाही. पाडला तर शेतकरी सौदा मोडून उठतो, अन् चार माणसं त्याच्याच बाजूनं बोलतात.

माणसाच्या बाबतीत एवढा खटाटोप नसतो. तिथं ढीग न फोडताच भाव निघतो.

आमचे मामा या सौद्यातले जुने आडते. दुकान म्हणजे चहाची टपरी. पालावरचा पारधी दिसला की ते विहिरीवरच्या मोटारीची केबल आठवतात. कुल्फीवाला भैया दिसला की चिल्लर दोनदा मोजतात. मोहल्ल्यातलं कुणी शेजारी येऊन बसलं की आवाज खाली आणतात. मारवाड्याशी व्याजाचं बोलू नये आणि बामणाकडं जेवायची आशा धरू नये, हेही त्यांनीच मला लहानपणी शिकवलं. याला ते 'अनुभव' म्हणतात. कुणाचा, असं विचारलं तर तो चुलत्याच्या साडूचा निघतो.

हिशेबात मात्र मामा पक्के. आमच्याच भावकीतल्या एकानं चौघांची हळद उधारीवर उचलली आणि रातोरात गाव सोडलं. मामा म्हणाले, "पोरगं चांगलं व्हतं, संगतीनं वाया गेलं." त्याच हंगामात एका परक्या फेरीवाल्यानं विकलेली चादर पहिल्याच धुण्यात विटली. मामा म्हणाले, "त्यायची जातच तसली." म्हणजे आपल्याचं पाप एकट्याच्या नावावर, परक्याचं अख्ख्या जमातीच्या सातबाऱ्यावर. अन् परका चांगला निघाला तर? त्याचीही सोय आहे. मामी बांगड्यांच्या दुकानात विसरलेली पिशवी तिथले चाचा पैशासकट घरी आणून देऊन गेले, तेव्हा मामा गहिवरून म्हणाले, "चाचा, तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाहीत!" चाचा हसले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं होतं.

मामांना अडाणी समजू नका. त्यांच्या मताला सरकारी आधार होता. १८७१ साली इंग्रजांनी कायदाच केला की काही जमातींत जन्मणं हाच गुन्हा. ठाण्यात हजेरी लावा, गाव सोडायचं तर परवाना घ्या. इंग्रज गेले तरी या जमातींना मोकळं व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. त्या दिवशी त्या 'विमुक्त' झाल्या, निदान कागदावर. पुढं लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या जमातीचं जगणं 'उचल्या'त लिहिलं, १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तक अभ्यासक्रमांत गेलं, पोरं त्यावर प्रश्नोत्तरं लिहून पास झाली. गावात चोरी झाली की तपास अजून पालापासूनच सुरू होतो. बऱ्याचदा तिथंच संपतो.

खरं तर आमच्या तालुक्याला हे शोभत नाही. औंढ्याला नामदेवांना कीर्तनातून उठवून देवळामागं पिटाळलं, तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, म्हणून नंदी मागं राहिला, अशी आख्यायिका आहे. मामा महाशिवरात्रीला ती प्रत्येक पाहुण्याला सांगतात, डोळ्यांत पाणी आणून. पाहुणा कुणापैकी आहे, याची चौकशी आधीच उरकलेली असते.

आठवडी बाजारात अनोळखी माणूस येणारच, बाजार त्याच्यासाठीच तर भरतो. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्यालाही १ जुलै २०१८ ला बाजारच होता. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज तेव्हा मोबाइलवर येत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षेवर जगणारी पाच माणसं तिथं आली. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पळवलेलं पोर एकही नव्हतं. ती बातमी वाचून मामा हळहळले आणि घडी घालता घालता म्हणाले, "पण काहीतरी असल्याबिगर लोक मारतेत का?" यावर मला विनोद सुचत नाही. पुढं जातो.

मध्यंतरी आमच्या धाकट्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात खोली बघायची होती. सोबत मामा गेले. घरमालकानं आधी गाव विचारलं, मग जिल्हा, मग म्हणाला, "मराठवाडा का? नको. तिकडची मुलं भाडं थकवतात आणि एका खोलीत दहा जण झोपतात." मामा असे खवळले की धाकटा दाराकडं सरकला. "सायेब, माणूस बघा की! एकानं थकवलं म्हणून आख्खा मराठवाडा थकवतो व्हय? गावावरून माणसाची पारख करता, हे कुठलं शास्त्र?" एवढं नेमकं बोलताना मी मामांना जन्मात ऐकलं नव्हतं. समाजशास्त्राच्या प्राध्यापकानं टिपून घ्यावं असं बोलले.

मालक वरमला. खोली दिली, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ घेऊन. खाली सोडायला आला तेव्हा मामांचा हात हातात धरून म्हणाला, "काका, खरं सांगू? तुम्ही मराठवाड्यातले वाटतच नाही."

आल्यापासून मामा हे वाक्य टपरीवर येईल त्याला ऐकवताहेत. चहाचे पैसेसुद्धा तेच देतात.