बंड्या कर्द्याला जातो

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये दापोलीजवळच्या कर्दे गावी जायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी बॅग भरली ती बंड्याची. बंड्या म्हणजे पाच वर्षांचा, बत्तीस किलोंचा लॅब्राडॉर. त्याचं सामान असं: गोड्या पाण्याचे दोन कॅन, दोन वाडगे, पाठीवर हँडल असलेलं नारिंगी लाइफ जॅकेट, रेबीज आणि लेप्टोच्या लशींची नोंदवही, गोचिडांचं औषध आणि त्याची स्वतःची चादर. काकांचा एकुलता एक जादा लेंगा शेवटी त्याच चादरीत गुंडाळून गेला.

राहायची सोय काकूंनी फोनवरून लावली. दोन ठिकाणी ‘कुत्रा’ हा शब्द उच्चारताच पलीकडची खोली भरली. तिसऱ्या ठिकाणचे मालक म्हणाले, “कुत्रा? आणा की. ताट लावायचं का त्याचं?” त्याचं खाणं आम्ही घेऊन येतोय, असं काकूंनी घाईघाईनं सांगितलं. “मग त्याचे काही पैसे नाहीत.” हे वाक्य काकांनी डायरीत तारीख घालून लिहून ठेवलं.

निघण्याआधी बंड्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काकांना भीती लाटांची. डॉक्टरीणबाईंनी लाटा एका वाक्यात उरकल्या. “त्यांच्यासाठी जॅकेट आहे, काका. तुम्ही त्याच्या तोंडावर लक्ष ठेवा.” समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाण्यातून चेंडू आणणारा कुत्रा दर खेपेला दोन-चार घोट पितो आणि ओल्या वाळूतून उचलला तर वाळूही गिळतो. मीठ फार झालं की उलट्या, जुलाब, मग झोकांड्या आणि झटके; वाळू आतड्यात साचली तर थेट ऑपरेशन. म्हणून चेंडूऐवजी दोरी न्यायची आणि दर पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून गोडं पाणी पाजायचं. किनाऱ्यावर पडलेल्या माशाला तर तोंडच लावू द्यायचं नाही. त्यातून तो केंड असला, तर त्याचं विष शिजवूनही जात नाही. २००९ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या किनाऱ्यांवर कुत्री दगावली, ती हेच विष अंगात असलेल्या समुद्री गोगलगायींमुळे.

“ऑकलंडला नाही जात आम्ही,” म्हणत काकांनी पान उलटलं.

पहाटे पाचला गाडी निघाली. मागच्या सीटवर काका, मध्ये बंड्या, पलीकडे काकू. बंड्याचा हार्नेस सीटबेल्टच्या खाचेत नीट अडकवलेला. तिघांत पट्टा बांधलेला तो एकटाच. गाडी लागू नये म्हणून त्याला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. ताम्हिणीची वळणं सुरू झाली तशी त्याला गाढ झोप लागली. रात्रीची उरलेली पावभाजी संपवून निघालेल्या काकांसाठी मात्र माणगावपर्यंत तीनदा गाडी थांबवावी लागली. दर वेळी बंड्याही उतरे, दोन घोट पाणी पिई, मैलाच्या दगडाची विचारपूस करी आणि काकांच्या आधी येऊन बसे.

कर्द्याला पोचले तेव्हा दुपारचा एक. समोर समुद्र दिसत असताना खोलीत बसायचं काकांच्या जिवावर आलं. चिरंजीवांनी वाळूवर हाताचा पालथा पंजा टेकवला. सात सेकंद ठेवता आला तर कुत्र्याला न्यायचं, असा नियम. ते तीन मोजायच्या आत ओरडले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्याचं एरवीचंच तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, आणि ते १०४ च्या वर गेलं की धावाधाव. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या मंडळींना तर धापही धड टाकता येत नाही. तेव्हा पाच वाजेपर्यंत कुणीही हलायचं नाही, असं ठरलं. बंड्या पंख्याखाली थंडगार लादीवर पसरला. ती त्या खोलीतली सर्वांत चांगली जागा होती.

मालकांनी भरतीचा हिशोब पंचांगावरून सांगितला. “आज अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला पूर्ण भरती.” चिरंजीवांनी मोबाइलवर पाहिलं, वीस मिनिटांचा फरक निघाला. चूक मोबाइलची आहे, असं मालकांचं मत पडलं. त्यांनी आणखी एक अट घातली: साखळी सोडायची नाही. जानेवारीचा महिना होता. वेळास, केळशी, आंजर्ले या सगळ्या पट्ट्यात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूत अंडी घालतात. वेळासला तर २००२ पासून गावकरी ती कुंपणात नेऊन राखतात. आणि एका खड्ड्यातली शंभरेक अंडी उकरून फस्त करायला एक कुत्रा पुरतो. “तुमचा शहाणा असेल हो, पण नाक सगळ्यांचं सारखंच,” मालक म्हणाले.

लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची जाळी ओढत, त्यांच्या बोटांमध्ये पडदा असतो, ही माहिती काकांनी ताम्हिणीपासून चार वेळा दिली होती. त्या पूर्वजांच्या वंशजानं घोट्याएवढी पहिली लाट पाहिली, तिच्यावर एकदा भुंकला आणि काकूंच्या साडीमागे गेला. तासभर त्याची समजूत घातली. गावातली चार कुत्री येऊन त्या नारिंगी जॅकेटकडे बराच वेळ बघत उभी राहिली. शेवटी काका स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून दोरी हलवत राहिले. चिरंजीवांनी त्याचे फोटो काढले. एक थेंब खारं पाणी बंड्याच्या पोटात गेलं नाही.

परतल्यावर विहिरीच्या पाण्यानं त्याला आंघोळ घातली, कानांच्या पाळ्या उलटून आत कोरडं केलं, बोटांमधली वाळू काढली. या गडबडीत साखळी पाच मिनिटं सुटी राहिली. मागच्या अंगणात मालकिणीचे खारे बांगडे वाळत होते.

डॉक्टरीणबाईंना रात्री फोन गेला. “किती खाल्ले?” दोन पूर्ण, तिसऱ्याचं डोकं उरलं होतं. थोडं थोडं पाणी सतत द्या, उलट्या किंवा झोकांड्या दिसल्या तर थांबू नका, लगेच दापोलीत दवाखाना गाठा, असं त्यांनी सांगितलं. तसं काही झालं नाही. बंड्या फक्त पाणी पीत राहिला, आणि दर तासाला माडांच्या बागेत जायला उठत राहिला. त्याच्याबरोबर टॉर्च घेऊन पाळीपाळीनं घर उठलं. पहाटे चारची पाळी काकांची होती.

निघताना मालकांनी हिशोबाचा कागद पुढे केला. खोली, जेवणं, चहा. बंड्याच्या नावापुढे खरंच काही नव्हतं. काका डायरी मिटणार, एवढ्यात त्यांना शेवटची ओळ दिसली: “खारे बांगडे, ३ नग.”

“एकाचं डोकं शिल्लक आहे,” काका म्हणाले.

मालकांनी ते कागदात बांधून दिलं.