नॅनोनाना

खानदेशात लहान वस्तूला किंमत नाही. वाढदिवस गल्लीतल्या पोराचा असला तरी फ्लेक्स दुमजली लागतो. भरताचं वांगं दोन हातांनी उचलावं असं हवं, मांडा हातावर घेतला की कोपराखाली लोंबायला हवा, आणि शेवभाजीवरची तर्री अशी हवी की समोर बसलेला पाहुणा तिच्यात दिसला पाहिजे. अशा मुलखात एखादा गृहस्थ रोज सकाळी चहाचा कप घेऊन जगातल्या मोठमोठ्या वस्तू लहान करायला बसतो, तेव्हा गावाला त्याची नोंद घ्यावीच लागते. आम्ही त्याला नॅनोनाना म्हणतो.

नॅनोनाना ही एक व्यक्ती नाही, जमात आहे. जळगावात पिंप्राळ्याला एक सापडतो, महाबळला एक. धुळ्याला देवपुरात तर एकाच अपार्टमेंटमध्ये दोन निघाले, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. वय साठीच्या थोडं अलीकडे-पलीकडे. नोकरी जिल्हा परिषदेत, वीज मंडळात किंवा शाळेत, आणि ती सन्मानाने संपलेली. मुलगा पुण्याला. त्याने नवा मोबाईल घेतला की जुना, पण भारी, नानांकडे येतो. आधीचे निवृत्त लोक अशा मोबाईलवर ‘शुभ सकाळ’चे गुलाब पाठवून गप्प बसायचे. नाना तेवढ्यावर थांबत नाहीत, एवढाच काय तो फरक.

हे नाव पडलं 2025 च्या सप्टेंबरात. गूगलच्या फोटो बदलणाऱ्या एआयचं ‘नॅनो बनाना’ हे टोपणनाव तेव्हा देशभर झालं आणि जो तो स्वतःची टेबलावर ठेवलेली बाहुली करून घेऊ लागला. आमच्या नानांनी ही बातमी चहाच्या टपरीवर सांगितली. ऐकणारे निम्मे केळीवाले. बसराई पाहिलेले, श्रीमंती पाहिलेले, आता ग्रँड नैन लावून बसलेले. एकाने गंभीरपणे विचारलं, “घड किती किलोचा पडतो?” दुसऱ्याने नॅनो युरिया वापरून पाहिलेला होता. तो म्हणाला, “बाटलीत येतं का हे पण?” नानांनी सगळ्यांची समजूत काढली, पण नाव मात्र त्यांनाच चिकटलं.

बाहुल्यांचा नाद महिन्याभरात ओसरला. नानांचा मुक्काम त्यापुढच्या इयत्तेत होता. त्यांना माणूस नाही, अख्खं गाव लहान करायचं होतं. उंचावरून काढलेला खराखुरा फोटो घ्यायचा, आणि एआयकडून तो असा करून घ्यायचा की फुले मार्केट, रिक्षा, हातगाड्या, म्हशी, सगळं कुणा पोराने दिवाळीच्या किल्ल्यावर मांडून ठेवल्यासारखं दिसावं. याला ‘टिल्ट-शिफ्ट’ म्हणतात. नाना ‘टिल शिप’ म्हणतात.

यामागचं शास्त्र ते कुणालाही सांगतात, न विचारताही सांगतात. त्यासाठी नानींकडून सुई मागून घेतात. “ही डोळ्याजवळ धरा. सुई स्पष्ट दिसते ना? आता मागचं कपाट बघा न हलता. धूसर आहे? बस. जवळची बारीक वस्तू बघताना पुढचं-मागचं धूसर होतं, हे आपल्या मेंदूला लहानपणापासून ठाऊक आहे. आता गावाच्या फोटोत मधला पट्टा स्पष्ट ठेवला, वरचं-खालचं धूसर केलं, रंग जरा भडक केले, की मेंदू म्हणतो, अरे, हे तर बारीक आहे!” सगळं बरोबर आहे. फक्त तोवर पाहुण्याचा चहा गार झालेला असतो आणि नानींना सुई परत मिळालेली नसते.

पूर्वीच्या अ‍ॅपना खोली कळायची नाही. ती सरसकट पट्टा मारायची. त्यामुळे विजेचा खांब कमरेपर्यंत स्पष्ट आणि मानेवर धुकं. खांबाचं एक वेळ चालतं हो, पण चौकातल्या पुतळ्याचं डोकं धूसर करून फोटो ग्रुपवर फिरवणं म्हणजे जमावबंदी ओढवून घेणं. नाना त्या काळात चौक टाळत. आताचा एआय कुठली वस्तू किती लांब आहे याचा अंदाज बांधतो आणि त्या हिशेबाने धूसर करतो, म्हणून पुतळे पायापासून फेट्यापर्यंत शाबूत राहतात.

एआयशी बोलण्याची नानांची पद्धत त्यांच्या छत्तीस वर्षांच्या टेबलावरून आलेली आहे. मी डोळ्यांनी वाचलेला मजकूर असा : “विषय : सोबत जोडलेले शहर खेळण्यासारखे दिसणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर छायाचित्रातील मधला भाग स्पष्ट ठेवून उर्वरित भाग धूसर करणेची कार्यवाही व्हावी. तसेच वाहने प्लास्टिकची दिसावीत. आपला विश्वासू.” यावर दहा सेकंदांत फोटो येतो. नानांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते फोटो बघून नव्हे. आयुष्यभर त्यांनी अर्ज लिहिले, घेतले, आवक-जावकला चढवले. त्रुटी न काढता मंजूर झालेला हा त्यांच्या पाहण्यातला पहिला अर्ज.

त्रुटी उलट दिशेने निघतात. या एआयने खेळण्यातली गावं पाहिली आहेत ती बहुतेक युरोपातली. त्यामुळे तो गोलाणी मार्केटच्या मागे हळूच उतरत्या छपराची लाल घरं ठेवून देतो. पाट्यांवर देवनागरीसारखं काहीतरी लिहितो, ते वाचता येत नाही. नाना म्हणतात, डॉक्टरांनी लिहिलंय समजा. भुसावळच्या यार्डाच्या फोटोत तर त्याने मालगाडीवर बर्फ पाडला. फोटो मे महिन्यातला. त्या दिवसांत भुसावळात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. नानांनी तो रेल्वेतल्या एका दोस्ताला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “खोटा आहे, पण डिलीट करू नका.”

धुळ्याच्या एका नॅनोनानाचं प्रकरण जरा वाढलं. त्यांनी एकवीरा देवीच्या बाजूने पांझरेचा फोटो लहान करून घेतला. वैशाख चालू होता, पात्रात वाळू आणि क्रिकेट. एआयला नदी म्हटल्यावर पाणी लागतं. त्याने निळंशार पाणी भरून दिलं, वर दोन होड्या. फोटो ग्रुपवर गेला आणि तासाभरात त्याखाली ओळ आली : “अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं.” त्याखाली एका इच्छुकाने “आमच्या पाठपुराव्याला यश” असं लिहून स्वतःचा फोटो जोडला. काठावर चार बाया धुणं घेऊन आल्या. त्यांनी तिथं जे शब्द वापरले ते लहान करून सांगण्यासारखे नाहीत.

या कलेची एक अडचण अशी की फोटो उंचावरूनच लागतो. जमिनीवरून काढला तर मेंदू फसत नाही. खेळण्याकडे आपण वरूनच बघतो ना. म्हणून नॅनोनाना मंडळी गुडघे दुखत असूनही कायम चढत असतात. गच्च्या, लळिंगचा किल्ला, चाळीसगावच्या डोक्यावरचा कन्नड घाट. आमचे नाना एका सकाळी पाण्याच्या टाकीवर चढले. आता महाराष्ट्रात टाकीवर चढलेला माणूस फोटो काढायला गेलाय असं कुणालाच वाटत नाही. पंधरा मिनिटांत खाली दोनशे माणूस. कुणीतरी ‘शोले स्टाईल आंदोलन’ असं थेट प्रक्षेपण सुरू केलं. हवालदार आले. “नाना, खाली या. मागणी काय आहे ती साहेबांपर्यंत पोहोचवतो.”

वरून आवाज आला, “मागणी एकच! ती पिवळी ट्रॉली जरा उजवीकडे घ्या!”

हवालदारांनी वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या बाया पुढे सरसावल्या. “नाना, इतक्यात उतरू नका! पाण्याचं विचारून घ्या आधी!” मग गटारीचं निघालं, दिव्यांचं निघालं, एकाने सातबारा आणला. खाली जी गर्दी हलत होती तिचा नानांना वरून असा काही फोटो मिळाला की ते खूश होऊन आपणहून उतरले. गर्दीने त्यांना हार घातला. त्या संध्याकाळी आमच्या भागात पाणी आलं. हा योगायोग होता हे मला माहीत आहे, पण गल्लीत तसं बोलण्याची माझी हिंमत नाही. लोक अजून विचारतात, “नाना, पुढचा फोटो कधी?”

कौतुक सगळ्यांकडून होतं असंही नाही. कॉलनीत एकाने तीन मजली बंगला बांधला. वास्तुशांतीला नानांनी त्याच बंगल्याचा खेळणं केलेला फोटो चौकटीत घालून नेला. मालकाच्या आईने तो जवळ धरला, लांब धरला. “हाई मन्हं घर शे? कितलं धाकलं करी टाकं वं माय!” मालक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नाना, हप्ता पण एवढाच करून द्या.”

राजकारणातल्या लोकांचं तर या कलेशी मुळातच जमत नाही. सभेला आलेली माणसं प्लास्टिकची दिसलेली कुठल्या नेत्याला चालतील? पण एका हुशार कार्यकर्त्याने उलटा विचार केला. रात्री गुपचूप येऊन म्हणाला, “नाना, समोरच्या पार्टीची सभा लहान करून द्या.” नानांनी त्याला समजावलं की यात माणूस लहान होतो, आकडा तेवढाच राहतो. तो चिडला. “मग तुमच्या त्या शिक्षणाचा उपयोग काय?” असं म्हणून निघून गेला.

नानांना खरा धाक आहे तो एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याचा. त्याने आयुष्य अंधाऱ्या खोलीत, रसायनांच्या वासात काढलेलं. त्याच्या मते जे लेन्स वाकवून होतं ते बोटाने घासून करणं म्हणजे पाप आहे. तो 1904 पासून सुरुवात करतो. शाइमफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने भिंग तिरकं केल्यावर स्पष्टतेची पातळीही तिरकी होते हे सूत्र पेटंटात मांडलं, तिथून. मग इमारती सरळ दिसाव्यात म्हणून आलेल्या लेन्स, मग ओलिव्हो बार्बिएरी नावाचा इटालियन, ज्याने हेलिकॉप्टरमधून रोमचं खेळणं केलं. असली लेन्स अजून लाखाच्या वर जाते. नाना हे सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, “म्हणजे इमारत सरळ दिसावी म्हणून केलेली लेन्स तुम्ही वाकडी वापरली. मी निदान वाकड्यासाठी वाकडंच वापरतो.”

मग स्टुडिओवाला ठेवणीतलं नाव काढतो : केकी मूस. इथं नानाही मान खाली घालतात. 1912 साली जन्मलेला हा पारशी कलावंत विलायतेत शिकून आला आणि चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या बंगल्यात 1989 साली मरेपर्यंत राहिला, तोही जवळजवळ घराबाहेर न पडता. बाहेर जात नसल्यामुळे त्याचं काही अडलं नाही. टेबलावर किरकोळ वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर प्रकाश असा टाकायचा की फोटोत अख्खा देखावा उभा राहावा; त्याच्या त्या टेबलटॉप छायाचित्रांना जगभरची पारितोषिकं मिळाली. “त्यांनी लहानाचं मोठं केलं,” स्टुडिओवाला म्हणतो, “तुम्ही मोठ्याचं लहान करता. एवढंच अंतर.” मला विचाराल तर अंतर मेहनतीचं आहे. मूसांना एका देखाव्यासाठी वस्तू, सावली आणि कोन जुळवत बसावं लागे. नानांचा अर्ज दहा सेकंदांत मंजूर होतो. तरी एक खरं : नोकरीभर ज्या गावाने नानांकडे मान वर करून पाहिलं नाही, ते गाव आता नाना मान खाली करून पाहतात. या वयात एवढं मिळत असेल तर कुणी अडवू नये.

आता नानांच्या व्याह्यांविषयी. नानांची लेक धुळ्याला दिली आहे, आणि दैवयोग असा की तिचे सासरेही याच जमातीतले. दोन्ही गावांत अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, मध्ये एरंडोल आणि पारोळा. पण फोटो क्षणात पोहोचतात. मान-पान सांभाळून युद्ध चालतं. व्याही लिहितात, “आमच्या धुळ्याला गल्ल्याही नंबराच्या आणि सरळ. लहान केलं तरी शोभतं. आपलं जळगाव लहान केल्यावर गुंता दिसतो, राग मानू नये.” नाना मेहरूण तलाव पाठवतात. व्याही साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पाठवतात, जत्रेतल्या भिरभिऱ्यांसारख्या. नाना केळीचे बाग पाठवतात. वरून ते कोथिंबिरीच्या जुड्या दिसतात. जावई दोन्हीकडे अंगठा दाखवतो आणि सुखात राहतो.

दिवाळीनंतर नाना धुळ्याला गेले तेव्हा तह ठरला. दोघांनी मिळून लळिंगवर चढायचं, खालचा मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचे ट्रक मागे ठेवायचे, आणि दोन व्याह्यांचा एक संयुक्त फोटो करायचा. किल्ल्यावर दोघे धापा टाकत पोहोचले. कठड्याशी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. जवळ एक बकरी चरत होती. जावयाने आणखी वरून फोटो घेतला. अर्ज नानांनी लिहिला, व्याह्यांनी तपासला, ‘तसेच’ दोनदा आलं होतं ते एकदा केलं. शेवटी एक ओळ वाढवली : “अनावश्यक बाबी वगळण्यात याव्यात.”

घरी पोहोचल्यावर फोटो टीव्हीवर लावला. दोन्ही विहिणी समोर बसल्या. ट्रक सुंदर आले होते, काड्यापेटीएवढे. रस्ता फीत अंथरल्यासारखा. डोंगर हिरवा, कठडा चकचकीत. कठड्याशी कुणीही नव्हतं.

“आपल्या मोबाईलने मला काढून टाकलं,” व्याही म्हणाले.

“आपण तपासलं होतं ना?” नाना म्हणाले. “आणि आधी आपणच गेला असाल. कडेला आपण होतात.”

यावर फाईल उघडल्यासारखी चर्चा सुरू झाली. कोण आधी वगळलं गेलं, ‘अनावश्यक’ हा शब्द कोणी सुचवला, लग्नात मानाचा फेटा कोणाला आधी बांधला होता, इथपर्यंत ती मागे गेली. नानींनी चष्मा लावला, उठून टीव्हीजवळ गेल्या आणि नीट निरखून म्हणाल्या, “बकरी मात्र छान आलीये.”