गणित, एक नग

भोसरी-चाकण पट्ट्यात कंपनीच्या गेटवर येणाऱ्या माणसांची सिक्युरिटीला पक्की पारख असते. टूल विकणारा बुटांवरून कळतो, ऑडिटर गाडीवरून, नोकरी मागायला आलेला पोरगा हातातल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरवरून. गणितवाले सर मात्र कशातच बसत नाहीत. खांद्याला शबनम, पायात सँडल, खिशात खडूचा तुकडा.

"माल काय आणलाय?"

"काही नाही हो. गणित."

वॉचमन इनवर्ड रजिस्टरात इमानदारीत लिहितो: गणित, 1 नग. मग ते जाताना परत न्यायचंय की इथेच ठेवायचंय, म्हणजे रिटर्नेबल गेटपास फाडायचा की नाही, असं विचारतो. सर यावर खरोखर विचार करत उभे राहतात आणि मागे टेम्पोंची रांग लागते.

असे सर पुण्यात बरेच सापडतात. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं कारखान्यांसाठी काम करणारं एक युनिट पुण्यात आहे, विद्यापीठाने तर इंडस्ट्रियल मॅथेमॅटिक्स नावाची एमएस्सीच काढली. पण सरांचं दैवत ऑक्सफर्ड. तिथे 1968 पासून कंपनीवाले आणि गणिती आठवडाभर एकत्र बसू लागले: सोमवारी कंपनीने प्रश्न मांडायचा, शुक्रवारी गणितवाल्यांनी उत्तर मांडायचं. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नला 1995 साली याच कामासाठी अख्खी संस्था उभी राहिली. हे सगळं सर प्लँट हेडना भारावून सांगतात. प्लँट हेड कॅलेंडर बघतात. सोमवारी प्रॉडक्शन मीटिंग, मंगळवारी ऑडिट, बुधवारी कस्टमर येणार, गुरुवारी सुट्टी. "शुक्रवारी उत्तर द्या ना सर, काहीच हरकत नाही. प्रश्न सांगायला तेवढा वेळ नाही."

सरांना कुठेही गणित दिसतं. तळेगाव चौकात गाडी अडकली की बाकीचे हॉर्न वाजवतात, सर ड्रायव्हरला ब्राएसचा सिद्धांत समजावतात. 1968 साली या जर्मन गणितज्ञाने दाखवून दिलं की नवा रस्ता काढल्याने कधीकधी कोंडी उलट वाढते. "इथं रस्ता न काढताच वाढते, सर," ड्रायव्हर म्हणतो. सर तेवढ्यात वही काढतात.

परचेसचे साहेब वेगळ्या जातीचे. समीकरणाला एचएसएन कोड कुठला लावायचा, इथपासून त्यांची सुरुवात. त्यांना उत्साह यावा म्हणून सर सांगतात की 1984 साली बेल लॅब्समध्ये आपल्या नरेंद्र करमरकरांनी अशी रीत शोधली, की हजारो अटींमधून सगळ्यात स्वस्त पर्याय झटपट काढता येतो.

"करमरकर? सदाशिव पेठेतले का?"

"नाही, म्हणजे… आयआयटी मुंबईचे."

"मग कोटेशन त्यांच्याकडूनच घेऊ की. तीन लागतातच."

एवढं सगळं पार करून सर प्रेस शॉपमध्ये पोचतात, तेव्हा त्यांच्या पायात सिक्युरिटीने दिलेले नऊ नंबरचे सेफ्टी शूज असतात आणि पाय सातचा. पण पत्रा दिसला की सर पाय विसरतात. प्रश्न साधा: 1250 मिलिमीटर रुंदीच्या पत्र्यातून पट्ट्या कापायच्या, भंगार कमीत कमी करायचं. 300 च्या चार पट्ट्या काढल्या तर 50 उरतात. 350 च्या तीन काढल्या तर 200 वाया. दोन्ही पार्टच्या ऑर्डर वेगवेगळ्या फायलींत, म्हणून पत्रेही वेगवेगळे कापले जातात. सर मशीनवरच खडूने लिहितात: 300 च्या तीन, 350 ची एक, बेरीज 1250. उरलं शून्य. मग हात थांबत नाही. लांबीतही वाचवायचं म्हणून सर निम्मे ब्लँक, म्हणजे पट्टीतून कापायचे तुकडे, आडवे फिरवतात आणि कौतुकाच्या अपेक्षेने मागे वळतात.

मागे फोरमन मामा उभे असतात. बोलत काही नाहीत. तसा एक आडवा ब्लँक कापतात, प्रेसखाली सरकवतात, वाकवतात आणि सरांच्या हातात देतात. बेंडवर बारीक तडा. "पत्रा कुठल्या अंगानं लाटलाय ते बघावं लागतं, सर. बेंडची लाइन त्याच अंगानं आली की फाटतो."

"ही अट तुम्ही सांगितली नव्हती!"

"तुम्ही साहेबांना विचारत होता ना."

हा सरांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा क्षण. अट मिळाली! दुसरा माणूस खट्टू झाला असता. सर मामांना चहा पाजतात.

पण सगळ्यात मोठी अट ना मामांकडे असते, ना साहेबांकडे. ती तिसऱ्या दिवशी पांढऱ्या गाडीतून येते. भंगाराचा ठेका भाऊंकडे. भाऊ अत्यंत नम्र. "सर, तुम्ही शिकलेली माणसं. पण महिन्याची गाडी अर्धीच भरायला लागली तर पोरांनी खायचं काय?"

यावर कुणीही बॅग भरली असती. सरांना मात्र लिओनिद कांतोरोविच आठवला. 1938-39 मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवूडवाल्यांनी विचारलेल्या प्रश्नातून त्याने ही सगळी विद्या सुरू केली आणि 1975 मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुढे तिथल्या रेल्वेडबे बनवणाऱ्या कारखान्यात त्याच्या पद्धतीने पत्रा कापला, तर भंगार इतकं घटलं की सरकारने ठरवून दिलेला भंगाराचा कोटाच भरेना, असं सांगतात. म्हणजे भाऊ तिथेही होते, फक्त सरकारी! सर भाऊंना ही गोष्ट इतक्या प्रेमाने सांगतात की भाऊ जाताना, "रशियात ठेका कुणाकडं होता?" असं गंभीरपणे विचारून जातात.

त्या रात्री सर वहीत नवी ओळ घालतात: दरमहा भंगार अमुक टनांहून कमी नको. त्या एका ओळीने गणित दुप्पट अवघड होतं, त्यामुळे पेपर दुप्पट चांगला होणार, म्हणून सर खूश. उत्तर असं निघतं की खडूची रीत एकाच शिअरिंग मशीनवर चालवायची, बाकीची मशीनं पूर्वीसारखीच पत्रा वाया घालवतील. प्लँट हेडना हे पटतं. सरांचं बिल 'लेबर चार्जेस' या खात्यातून निघतं.

कायझनचं, म्हणजे कामातल्या सुधारणेचं, बक्षीस अर्थातच मामांना, स्टीलचा डबा. टाळ्या सर्वांत जोरात सरांच्या. कार्यक्रम संपायच्या आत ते मामांना कोपऱ्यात गाठतात. "मामा, समजा उद्या 275 ची पट्टी आली, तर?"

"आली की बघू, सर. वडापाव घ्या आधी, गार होतोय."