भाषण झकास, पण मतांचं काय?

अहो, ऐकलंत का? पलीकडच्या साताऱ्याच्या वहिनी नि त्यांचे मिस्टर दोन दिवस बोलत नाहीयेत. पैशावरून नाही, सासूवरून नाही, चक्क राज ठाकरे साहेबांवरून! हसू नका, खरंच सांगतेय. वहिनी मोबाइलवर वरळी डोमचं भाषण लावून बसलेल्या. तेच हो, 2025 च्या जुलैतलं, राज आणि उद्धव, दोघे चुलतभाऊ इतक्या वर्षांनी एका स्टेजवर आले ते. कितव्यांदा बघतात देव जाणे. मिस्टर एपीएमसी मार्केटातून दमून आलेले, ताटावर बसलेले, आणि म्हणाले काय, ‘‘बोलतो झकास, पण मतं कुठायत?’’ झालं! वहिनींचा चेहरा असा पडला म्हणे, भाकरी करपली तरी कळलं नाही.

मी वहिनींच्या बाजूची आहे बरं का. म्हणजे भाषणापुरती. अहो, ते माइकसमोर आले की आधी काही बोलतच नाहीत. ‘जमलेल्या माझ्या तमाम’ म्हणायचं आणि थांबायचं. शिट्ट्या, फटाके, सगळं निवेपर्यंत गप्प. आमच्या ह्यांना तो अ‍ॅटिट्यूड वाटतो. मी म्हटलं, अ‍ॅटिट्यूड कसला, ताल आहे तो! वडील कोण? श्रीकांत ठाकरे, संगीतकार. पोराचं नाव ठेवलं स्वरराज, लहानपणी तबल्यावर बसवलं. समेवर कधी यायचं हे त्यांना कुणी शिकवायला हवंय का? आणि नकला! काका बाळासाहेबांसारखेच व्यंगचित्रकार ना. माणसाची एकच खोड उचलतात, मान कशी वळवतो, शब्द कसा ओढतो, बास... तो माणूस पुढ्यात उभा. डोममध्ये बघा, बाळासाहेबांना जमलं नाही ते फडणवीसांनी केलं, आम्हा दोघांना एकत्र आणलं, असं म्हणाले. टोमणा त्यातच, आणि घरच्या भांडणाचा विषयही त्यातच उरकला.

तर काय सांगत होते... हां, मतं. मिस्टरांचं म्हणणं, शब्दाला वजन असेल तर मतपेटीत दिसायला नको? वहिनी म्हणाल्या, वजन बघायचंय तर आपल्या वाशीत बघा की! आठवतंय ना, 2014 ची 26 जानेवारी, विष्णुदास भावे नाट्यगृह? टोल भरू नका म्हणायचा अवकाश, वाशीचा टोलनाका फुटला. केस झाली, कोर्टकचेरी झाली. मला ती तोडफोड आवडली नव्हती, स्पष्ट सांगते. काचेमागे बसणारी पोरं पगारी, त्यांचा काय दोष? पण एका भाषणाने नाका हलतो म्हणजे बघा. आता ऑक्टोबर 2024 पासून छोट्या गाड्यांना टोल माफ आहे, तर आमचे हे खाडीपुलावरून शीळ घालत जातात आणि श्रेय देतात तेव्हाच्या मुख्यमंत्री शिंदेंना. मी आपली खिडकीबाहेर बघत बसते.

पण मिस्टर काय कच्चे आहेत होय! त्यांनी 2019 काढलं. ‘लाव रे तो व्हिडिओ’! काय दिवस होते ते. लोकसभेला स्वतःचा एक उमेदवार नाही, आणि मोदींविरुद्धच्या सभा मात्र तुडुंब. मेळघाटातल्या हरिसालची डिजिटल गावाची जाहिरात होती ना, त्यातला मुलगाच आणून स्टेजवर उभा केला. आमच्या गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना आउटवरून भांडण झालं की ओरडायची, ‘लाव रे तो व्हिडिओ!’ आणि निकाल? 48 पैकी 41 जागा भाजप-शिवसेना युतीला. मिस्टर म्हणाले, ‘‘पिक्चर हिट, तिकिटं विकली दुसऱ्याची.’’ अगदीच खोटं नाही हो... 2009 ला मनसेचे 13 आमदार होते, मग एक, परत एक, आणि 2024 ला शून्य. माहीमला खुद्द साहेबांचा मुलगा अमित पडला.

वर मिस्टरांनी साताऱ्याचा पाऊस सुनावला. सुनावणारच, माथाडी माणूस, गाव तिकडचं. 18 ऑक्टोबर 2019, लोकसभेच्या पोटनिवडणुकीची सभा. शरद पवारसाहेब काही भाषणाचे जादूगार नव्हेत, आपण ऐकता ऐकता वाटाणे सोलून घेतो. पण त्या दिवशी 78 वर्षांचा माणूस भर पावसात उभा, डोक्यावर छत्री नाही, आणि म्हणतोय की उमेदवार निवडण्यात माझी चूक झाली. पक्ष सोडून भाजपात गेलेले उदयनराजे पडले की हो, 87 हजारांवर मतांनी! कोपरखैरण्यातून, घणसोलीतून लोक गाड्या करून मतदानाला गावी गेले होते. ‘‘त्याला म्हणतात भाषण,’’ मिस्टर म्हणाले, आणि वर आणखी आमटी मागितली. वहिनींनी वाढली नाही.

आता आतली गोष्ट. वहिनींना खरं लागलंय ते वेगळंच. 2024 च्या पाडव्याला शिवाजी पार्कात साहेबांनी मोदींना बिनशर्त पाठिंबा दिला ना, तेव्हा वहिनी टीव्हीसमोर बसलेल्या. पाच वर्षांपूर्वी मोदींचेच व्हिडिओ लावून सुनावत होते, आणि आता... श्रीखंडाची वाटी हातात तशीच. मला म्हणाल्या, ‘‘काकू, बोलले मात्र छानच हो.’’ बिचारी! मला वाटतं, तिथेच गोम आहे. काहीही बोलले तरी छानच बोलतात, म्हणून लोक टाळ्या वाजवून घरी जातात. पवार रोज छान बोलत नाहीत, म्हणून एकदा बोलले ते लोकांनी मनावर घेतलं.

हे वहिनींना सांगू नका हं, माझ्याशीही बोलायच्या बंद होतील. आणि मला काही विचारू नका. भाषण असलं की मी ऐकणार, अगदी कुकर बंद करून ऐकणार. मत कुणाला देते ते मी आमच्या ह्यांनाही सांगत नाही, तुम्हाला कुठून सांगू!