बर्फाची तरतूद

कोथरूडमधल्या एसयूव्हीधारकाने जुने टायर झिजल्यावर ऑल-टेरेन टायरच घ्यावेत, या मताला आमचा जाहीर पाठिंबा आहे. गाडी रोज सोसायटीतून जिमपर्यंत जाते आणि रविवारी मॉलच्या तळघरात उतरते. तो उतार काय कमी खडतर आहे? या टायरांच्या रुंद खाचा डांबरावर गुरगुरतात, मायलेज खातात आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला बहुधा जास्त अंतर घेते. पण वाघ पाळायचा तर गुरगुर ऐकावीच लागते.

काही टायरांच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण कोरलेला असतो. बर्फातली चाचणी उत्तीर्ण झाल्याची ती खूण. पुणेकराने ती पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. खडक, वाळू आणि चिखल यांची सोय महापालिकेने भर रस्त्यात, तीही विनामूल्य, करून ठेवलेली आहेच. राहिला फक्त बर्फ. आगामी अंदाजपत्रकात पौड रस्त्यासाठी निदान सहा इंच बर्फाची तरतूद व्हावी. करदात्याने एवढी तयारी ठेवायची आणि प्रशासनाने हात आखडता घ्यायचा, हे शोभत नाही.

दुकानात मात्र पांढरी अक्षरे बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत, हे ठणकावून सांगावे. टायरवर उत्पादनाचे चार अंकही असतात. 2219 म्हणजे 2019 सालचा बाविसावा आठवडा. असल्या बारीकसारीक मजकुरात लक्ष घालू नये. तसा टायर दुकानदार आनंदाने सवलतीत देतो.