उडी कुणी पाहिली?

झाशीच्या किल्ल्यावर एक जागा आहे. तिथे पोचलेला माणूस आधी वाकून खाली बघतो, मग मोबाइल काढतो. राणी लक्ष्मीबाईंनी पाठीशी मूल बांधून घोड्यासकट इथूनच उडी मारली, असं पाटी सांगते. लोक त्या जागेला सरळ ‘जंपिंग स्पॉट’ म्हणतात. खाली दिसणारी खोली बघून निदान घोड्याच्या पायांची काळजी वाटावी. ती कुणाला वाटत नाही. चुकून एखाद्याने विचारलंच, तर सोबतची मंडळी त्याच्याकडे असं बघतात, जणू किल्ल्याचा दरवाजा इंग्रजांना त्यानेच उघडून दिला.

यात झाशीवाल्यांचा दोष नाही. दोष मेंदूचा आहे, आणि त्याचं आरोपपत्र १९७७ सालीच दाखल झालं. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या तिघांनी विद्यार्थ्यांना काही खरी आणि काही खोटी विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा दाखवली. जी विधानं पुन्हा पुन्हा समोर आली, ती मुलांना जास्त जास्त खरी वाटू लागली. पुराव्यात भर नाही, फक्त फेऱ्या वाढल्या. यावर शहाणे म्हणणार, अडाण्यांचं ठीक आहे हो, आम्ही जाणकार. तर २०१५ मध्ये लिसा फाझिओ आणि सहकाऱ्यांनी जाणकारांचीही विकेट काढली. त्यांच्या प्रयोगातलं एक विधान असं होतं की स्कॉटलंडचे लोक जो आखूड, चुण्यांचा झगा घालतात, त्याला साडी म्हणतात. त्याला किल्ट म्हणतात हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनाही असली विधानं आधी एकदा वाचलेली असली, की नव्या विधानांपेक्षा जास्त खरी वाटली. आपल्याकडे या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काका तो रोज सकाळी करतात, तोही विनाअनुदानित.

आता उडीकडे येऊ. एप्रिल १८५८. इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज झाशीत घुसलेली. ४ एप्रिलच्या रात्री राणी निसटली. त्या दिवसांत शहरात एक मराठी माणूस जीव मुठीत धरून बसला होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, म्हणून बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि नेमके सत्तावनच्या वणव्यात सापडले. लुटले गेले, उपाशी राहिले, प्रेतं पाहिली आणि तरीही कावडीने गंगा घेऊन घरी परतले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणी पाठीशी मुलगा बांधून घोड्यावर बसते, किल्ल्याखाली उतरते आणि शहरातून वाट काढत दरवाज्याने बाहेर पडते. शत्रूने भरलेल्या शहरातून, रात्री, घोड्यावर! याला उडीपेक्षा कमी छाती लागत नाही. पण दरवाज्यापाशी सेल्फी चांगला येत नाही.

गोडसे भटजी म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. त्यांनी हे सगळं चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास लिहिलं, म्हणजे पंचवीस वर्षांनी. छापून आलं १९०७ मध्ये. इतक्या वर्षांत स्मरणाचं काय होतं, तेही मोजून झालंय. १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत उलरिक नायसरने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितली. अडीच-तीन वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. दर चौघांत एकाचं सगळंच्या सगळं चुकलं. गंमत म्हणजे आत्मविश्वास जागच्या जागी! स्वतःच्या अक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी आठवण हटेना. न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्याबद्दल हर्स्ट आणि मंडळींनी दहा वर्षं पाठपुरावा केला. तपशिलाची घसरण बहुतेक पहिल्या वर्षातच होते, आणि पुढे माणूस तीच चूक इमानेइतबारे सांगत राहतो, असं त्यांना दिसलं.

तेव्हा गोडसेही कुठेकुठे चुकले असणारच. पण एक तपशील मला त्यांच्या बाजूने उभा करतो. काल्पीकडच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते, दमलेली, तहानलेली. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका, मीच काढते. आणि स्वतः पाणी काढून पिते. दंतकथा रचणारा माणूस राणीच्या हातात तलवार देईल, दोर-पोहरा देणार नाही.

राणीचं ‘मेरी झांसी नहीं दूंगी’ हे जगप्रसिद्ध वाक्यही असंच फिरून फिरून गुळगुळीत झालंय. १८५४ मध्ये जॉन लँग नावाचा वकील तिला भेटला. झाशी देणार नाही, हे तिचे उद्गार त्याने रोमन लिपीत नोंदवले. त्यात ‘मेरी’ नाही, ‘मेरा’ आहे. हिंदीच्या मास्तरांनी मार्क कापले असते. पण मराठी घरातली बाई हिंदी बोलली तर ती अशीच बोलणार, म्हणून मला तरी ते ‘मेरा’च अस्सल वाटतं.

फिरत्या गोष्टी खऱ्या मानायची ही खोड शिकवून दुरुस्त होते का? सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीत बिहारमध्ये मोठ्या माणसांना तासभर शिकवणी देऊन पाहिली, की खोटी बातमी कशी ओळखावी. एकूणात फरक शून्य. पुढे त्यांच्यासह काही संशोधकांनी बिहारमध्येच १३ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना घेऊन ग्रंथालयांत असेच वर्ग चालवले, आणि तिथे मात्र फरक पडला. महिन्यांनंतर तपासलं तरी टिकला. एवढंच नव्हे, घरी पालकांनाही त्यातलं थोडं लागलं. म्हणजे काकांचा नाद सोडा, पुतण्याला धरा.

त्याची सुरुवात गॅदरिंगपासून करता येईल. दरवर्षी शाळेशाळेत नऊवारीतली लक्ष्मीबाई पुठ्ठ्याची तलवार घेऊन येते आणि तिच्या पाठीला प्लास्टिकची बाहुली असते. चौकाचौकांतले पुतळेही बाळच दाखवतात. आता हिशेब करा. नोव्हेंबर १८५३ मध्ये राणीचे पती गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दामोदररावांना, म्हणजे याच मुलाला, दत्तक घेतलं, तेव्हा ते चार-पाच वर्षांचे होते. १८५८ च्या एप्रिलमध्ये आठ-नऊ वर्षांचे झाले. तर यंदा ड्रेपरीवाल्याकडून बाहुली आणू नका. तिसरीतला धाकटा भाऊ शेल्याने पाठीला बांधा आणि ताईला स्टेजला एक फेरी मारायला सांगा. उडीचा विषय ती पुन्हा काढणार नाही.